मुंग्यांनी खाल्लेल्या काचपट्ट्या

काचपट्टीवरचा रक्ताचा ठिपका मुंग्या खातात. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. भामरागडच्या बाजूला एका उपकेंद्रात टेबलावरची चवड उचलली, तर सात पट्ट्यांवर नुसता पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक उरला होता. नदीला पूर, त्यामुळे नमुन्यांचा डबा आठवडाभर तालुक्याला गेलाच नव्हता. हिवतापाच्या तपासणीच्या किट तर महिनाभर आधीच संपल्या होत्या. सात जणांची बोटं मी टोचली होती, त्यात एक गरोदर बाई होती. महिनाअखेर अहवाल गेला: नमुने सात, दूषित शून्य.

आरोग्यसेवक म्हणून आयुष्य काढलं, पण या शून्याइतकी चीड मला कशाची आली नाही. आकडा उतरला की बैठकीत कौतुक होतं. नमुने किती घेतले, किती दिवसांनी तपासले, कोणत्या गावात पावसाळाभर कोणी फिरकलंच नाही, हे विचारायला नको? शोधणं थांबवलं की हिवताप कागदावरून लगेच उतरतो, रक्तातून नाही.

या देशाने हे एकदा भोगलं आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. घरोघर डीडीटी मारली, बोटं टोचली, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले, मृत्यूची नोंदच नव्हती. मग लक्ष उडालं, पैसा आटला, डास डीडीटीला जुमानेनासे झाले. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर. आता २०३० पर्यंत निर्मूलन करायचं ठरलं आहे आणि आकडे पुन्हा उतरले आहेत. नेमकी हीच वेळ धोक्याची, आणि नेमकं याच वेळी रिक्त पदं भरायची टाळाटाळ चालते.

संशोधन कमी पडलं, असं तर कोणी म्हणूच नये. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचा परजीवी यकृतात दडून बसतो, म्हणून १४ दिवस प्रायमाक्विन द्यावं लागतं, हे माहीत आहे. ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही परजीवी असतो, हेही माहीत आहे. ओडिशाने त्यावरूनच 'दमन' मोहीम उभी केली. दुर्गम भागातली गावंच्या गावं, ताप असो नसो, तपासली, उपचार केले, मच्छरदाण्या वाटल्या. राज्यात २०१७ मध्ये साडेतीन लाखांच्या घरात असलेले रुग्ण २०१८ मध्ये ६६ हजारांवर आले. पैसा आणि माणसं एकत्र गावात पोचली की असं होतं. आमच्याकडे आशाताईला एका नमुन्यामागे वर्षानुवर्षं १५ रुपये. दोन ओढे ओलांडून तिने जायचं, आणि चौदाव्या दिवसाची गोळी गिळेपर्यंत रुग्णाच्या दारात उभं राहायचं.

अभ्यास करणारेही यातून सुटत नाहीत. एका संस्थेची मंडळी आली, चार दिवस मुक्काम करून अख्ख्या गावाचं रक्त घेतलं आणि गेली. निकाल गावाला कधीच कळला नाही. दोन वर्षं लोक मला विचारत होते, "डॉक्टर, आमच्या रक्ताचं काय झालं?" पुढच्या फेरीला म्हाताऱ्यांनी हात पदराआड, घोंगडीआड घेतले. मी त्यांना बोल लावणार नाही. ज्याचं रक्त घेतलं त्याला निकाल सांगता येत नसेल, तर त्याचं बोट टोचायचा हक्क तुम्हाला नाही.

फवारणीचंही तेच. औषध मारल्यावर पंधरा दिवसांत सण येतो आणि बाया भिंती लिंपतात. औषध मातीखाली जातं. लिंपण कधी करणार, हे त्या एका शब्दात सांगतील, पण वेळापत्रक जिल्ह्यात बसून ठरतं.

त्या गरोदर बाईचा नमुना मी नवव्या दिवशी पुन्हा घेतला, डोंग्यातून नदी ओलांडून स्वतः घेऊन गेलो आणि सूक्ष्मदर्शकापाशी थांबलो. फॅल्सिपेरम, हिवतापाचा घातक प्रकार, निघाला. अहवालात सातचे आठ नमुने झाले आणि शून्याचा एक. उरलेले सहा जण त्या कागदावर अजून निरोगी आहेत.