एकच खाडी दोनदा कशाला?


सकाळी ठाण्याच्या फलाटांवर जी झुंबड उडते तिला सरसकट मुंबईची गर्दी म्हणतात. त्यातले कितीतरी जण मुंबईला निघालेलेच नसतात. मी डोंबिवलीहून रबाळ्याला कामाला जातो. कल्याणकडून नवी मुंबईची थेट लोकल नाही. म्हणून मुंबईच्या गाडीत घुसायचं, कळव्यानंतर खाडी ओलांडून ठाण्याला धक्के खात उतरायचं, पूल चढून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची आणि तीच खाडी परत ओलांडून ऐरोलीकडे जायचं. (परतताना हाच खेळ उलटा, फक्त पाय जास्त दुखतात.)

हा वळसा वाचवणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात ('एमयूटीपी-३') २०१६ सालीच मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. पण ज्या मार्गासाठी ते बांधलं, त्यावरून कल्याणची एकही लोकल आलेली नाही. दरम्यान ठाण्याचा पाच नंबर फलाट रुंद करायला ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला. फलाट रुंद व्हायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांना ठाण्यात कामच नाही त्यांनाही तिथे उतरवत राहिलं, तर किती रुंदी पुरणार?

याच गर्दीत ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दारं बंद करा, जरूर करा. पण आज जो दारात उभा आहे तो हौसेने उभा नाही; आत पाय ठेवायला जागा नाही. दार बंद झालं की तो फलाटावर राहील, एवढंच. नवी मुंबईचे प्रवासी आधी या गाड्यांतून बाजूला काढा.

कळवा-ऐरोली मार्गाचं काम अडलंय ते कळव्यातल्या झोपड्यांच्या पुनर्वसनावर. त्या लोकांची घरं रातोरात पाडा असं कोणीही म्हणणार नाही, मी तर नाहीच. त्यांना जवळच घरं मिळायला हवीत. पण हा प्रश्न मंजुरीच्या वेळीही ठाऊक होता. एमएमआरडीए, रेल्वे आणि महापालिका यांनी एकमेकांकडे बोट दाखवणं थांबवावं, घरं कुठे आणि कधी देणार ते सांगावं आणि कल्याण-वाशी लोकल सुरू होण्याची तारीख जाहीर करावी.

– एक पासधारक, डोंबिवली (पूर्व)