वाट रिकामी, नेम अखंड : साथीच्या काळातील उपासना (थ्रेड)

१/ ३० जून २०२०, आषाढ शुद्ध दशमी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास निघाल्या. ज्या वाटेवर एरवी लाखो पावले चालतात, ती वाट त्या वर्षी ओस होती. 'परंपरा मोडली' अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

२/ आधी १८९७कडे वळू. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याच वर्षी मुंबई बंदरातून हजला जाण्यास यात्रेकरूंना मनाई झाली.

३/ पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने घरझडतीसाठी गोरे सैनिक वापरले. देवघरे विटाळली, स्त्रियांचा अवमान झाला, अशा तक्रारी घरोघरी उठल्या. रोग रोखणे आवश्यकच होते. पण लोकांना विश्वासात घेणे राहून गेले. परिणामी रुग्ण लपवले जाऊ लागले. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या.

४/ मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात तोच कायदा पुन्हा लागू झाला. या वेळी मे महिन्याच्या अखेरीस शासन आणि पालखी सोहळ्यांचे प्रतिनिधी पुण्यात एकत्र बसले. पायी वारी नाही, पादुका मात्र जातील, असे ठरले. १२ जूनला देहूहून आणि १३ जूनला आळंदीहून मोजक्या वारकऱ्यांच्या उपस्थितीत प्रस्थान झाले. पादुका दशमीपर्यंत तेथेच राहिल्या.

५/ या निर्णयाचे मर्म साधे होते. धोका गर्दीत, मुक्कामात आणि पंगतीत होता. नेम तिथीत आणि भेटीत होता. धोका वगळला, नेम राखला.

६/ हे परंपरेच्या विरुद्ध होते काय? पादुका पालखीतून नेण्याची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये सुरू केली, असे मानले जाते. माउलींच्या स्वतंत्र सोहळ्याला आजचे रूप १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. म्हणजे आज जे 'मूळ' वाटते, तेही कोणीतरी विचारपूर्वक घडवलेले आहे. आणि संतपरंपरेतील सावता माळी तर आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहतात.

७/ आक्षेप खरा आहे : वारी म्हणजे चालणारी माणसे. त्यांच्याविना पादुका पोहोचल्या, तरी वारी झाली असे म्हणता येईल का? शिवाय पंढरपुरातील बुक्का, तुळशीमाळा, प्रसाद विकणाऱ्यांचा वर्षाचा हंगाम बुडाला. ही किंमत नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण जी वारी पुढच्या वर्षी करता येते, तिच्यासाठी न परतणारी माणसे मोजावी लागू नयेत.

८/ त्याच महिन्यात पुरीतही हाच पेच होता. १८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने रथयात्रेस स्थगिती दिली. २२ जूनला अटींसह अनुमती दिली. शहरात संचारबंदी, प्रत्येक रथ ओढण्यास ५००हून अधिक माणसे नकोत, त्या सर्वांची चाचणी, दोन रथांत तासाचे अंतर. २३ जूनला रथ निघाले, भाविकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले.

९/ याउलट एप्रिल २०२१चा हरिद्वार कुंभ. दुसरी लाट चढत असताना १२ आणि १४ एप्रिलची शाही स्नाने प्रचंड गर्दीत झाली. कुंभ प्रतीकात्मक ठेवावा, हे पंतप्रधानांचे आवाहन १७ एप्रिलला आले. शब्द योग्य होता. वेळ टळून गेली होती.

१०/ तेव्हा खरा वाद श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा नाही. निर्णय वेळेवर झाला का, आणि उपासकांना त्यात स्थान होते का, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. १८९७च्या पुण्यात दुसऱ्याचे उत्तर 'नाही' होते, २०२१च्या हरिद्वारात पहिल्याचे.

११/ पुढची साथ कधी येईल, हे सांगता येत नाही. पण प्रत्येक देवस्थान, दर्गा, चर्च आणि मंडळ एक गोष्ट आजच ठरवून ठेवू शकते : आपल्या उपासनेत काय टळू शकते आणि काय टळू शकत नाही. हा विचार साथीच्या धामधुमीत होत नाही. तो निरोगी दिवसांतच करावा लागतो.