घरकुलाचा हंगाम आणि दहावीचं वर्ष एकत्र : घर बांधताना पोरांच्या अभ्यासाचं काय होतंय?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सध्या एक चक्कर मारा. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, तालुका कोणताही घ्या. गल्लीत खडीचा ढीग, वाळूवर झाकलेली ताडपत्री, उभ्या सळया आणि शेजारी पत्र्याचं खोपट दिसतं. घरकुल मंजूर झालंय, काम चालू आहे, चांगली गोष्ट आहे. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि त्यातल्या १० लाखांना पहिला हप्ता दिला गेला. एवढी घरं एकदम मंजूर झाल्यावर गावोगाव मिस्त्री मिळेनासे झाले, हे सगळ्यांनी पाहिलं.

हप्ता, वाळू, मिस्त्री यावर पारावर रोज चर्चा होते. त्या खोपटात राहून दहावी-बारावीचा अभ्यास करणाऱ्या पोरा-पोरींवर मात्र कुणी बोलत नाही. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

आपल्याकडं घर बांधायचा हंगाम ठरलेला आहे. पावसाळ्यात पाया खोदता येत नाही, दसरा-दिवाळीला सोयाबीन-कापसाचे पैसे हातात येतात, म्हणून काम दिवाळीनंतर सुरू होतं. मार्चनंतर विहिरी आटतात, काही गावांत टँकर लागतो, मग सिमेंटच्या कामाला पाणी कुठून आणायचं? त्यामुळे जो तो जानेवारी-फेब्रुवारीत स्लॅब उरकायच्या मागे असतो. आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच. आधी बारावी, तिच्या मागोमाग दहावी. म्हणजे घराच्या कामाचा सगळ्यात घाईचा महिना आणि अभ्यासाचा सगळ्यात महत्त्वाचा महिना एकच. यात आईबापाचा दोष नाही. पाणी असेपर्यंत काम उरकलं पाहिजे, हे त्यांचं गणित बरोबरच आहे.

बहुतेकांची जागा एकच, जुन्या घराचीच. तेव्हा नवीन बांधायचं तर जुनं पाडावं लागतं. पाडलं की संसार खोपटात, गोठ्यात नाहीतर चुलत्याच्या पडवीत. दिव्याला लांबून ओढलेली वायर, बसायला सिमेंटच्या गोण्या, पुस्तकं पेटीत आणि पेटी कुठंतरी धान्याच्या पोत्याखाली. थंडीत पत्रा रात्रभर गार पडतो. पाच माणसं एका पत्र्याखाली झोपल्यावर दहावीतल्या पोराने रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसायचं म्हटलं, तर दिवसभर बिगाऱ्यासोबत राबलेला बाप काय म्हणेल ते सांगायची गरज नाही.

पोरींचं आणखी अवघड. जुन्या घरासोबत न्हाणीघरही पडतं. मग साडीचा आडोसा करून अंधारात आंघोळ, संडासला शेजाऱ्याकडं नाहीतर बाहेर. पाळीच्या दिवसांत काय हाल होतात ते घरातल्या बायकांना माहीत असतं, पण त्या बोलत नाहीत. पोरगी शाळेत दोन-तीन दिवस दिसत नाही, एवढंच मास्तरांना कळतं. आमचं स्पष्ट मत आहे : जुनं घर पाडायच्या आधी संडास-न्हाणीघर उभं करा. शौचालयाचे १२ हजार नंतर मिळतात हे खरं, पण चार भिंती आणि एक दार एवढ्यासाठी लेकीने सहा महिने आडोसा शोधायचा का?

आता कामाचं बघू. स्लॅब टाकला, कॉलम भरले की पाणी मारावं लागतं. सध्या गावात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. अशा सिमेंटच्या कामाला निदान १० दिवस आणि शक्यतो १४ दिवस ओल टिकवावी, असं बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. हे पाणी मारतं कोण? मिस्त्री दुसऱ्या कामावर गेलेला असतो, बाप मजुरीला. घरात राहतं ते शिकणारं लेकरू. सकाळी शाळेच्या आधी एकदा, दुपारी मधल्या सुट्टीत पळत येऊन एकदा, संध्याकाळी पुन्हा. हापशावरून घागरी आणायच्या असतील तर दोन तास गेलेच. त्याशिवाय मिस्त्रीला चहा, तालुक्याहून खिळे-तार आणणं, रात्री वाळूची राखण.

यावर उपाय सोपा आहे आणि पैसेही लागत नाहीत. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे वाफे करून पाणी साठवून ठेवा, रोज फक्त आटलं तेवढं भरा. कॉलमला बारदान गुंडाळून भिजवून ठेवा. दिवसाच्या चार खेपा दोनवर येतात आणि काँक्रीटही जास्त पक्कं होतं. नुसत्या पाइपने फवारा मारला की उन्हात तासाभरात सुकतं, ती मेहनत वाया जाते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर सगळंच पोरावर येतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यातलेच काही पैसे घराच्या पायात गेलेले. आई-बाप कारखान्याच्या फडात आणि गावात आजी आणि सोळा वर्षांचा पोरगा. मिस्त्री कधी आला, विटा किती उतरल्या, ट्रॅक्टरवाल्याला किती द्यायचे, हे सगळं तो फोनवर बापाला विचारून ठरवतो. वय सोळा, काम ठेकेदाराचं.

हजेरीची गोष्ट बघा. घरकुलासाठी रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८ हजार ८० रुपये होते. मस्टरवर नाव येतं १८ वर्षांवरच्या माणसाचं, आणि ते योग्यच आहे. पण त्यातले किती दिवस प्रत्यक्षात लेकराने पाणी मारण्यात आणि विटा उचलण्यात घातले, ते कोणत्या कागदावर येत नाही. इकडं शाळेच्या हजेरीपटावर मात्र प्रत्येक दिवस दिसतो. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, हे दहावी-बारावीच्या पालकांनी विसरू नये.

आणखी एक नवीन काम या पोरांच्या गळ्यात पडलंय. घरात स्मार्टफोन एक, तो नीट चालवता येतो फक्त त्यांना. आधार बँकेला जोडलंय का, केवायसी झाली का, हप्ता पडला का, ओटीपी कोणता आला, सगळं तेच बघतात. हप्ता अडकला की घरातला ताणही त्यांच्याच कानावर आधी येतो. अभ्यासाचे व्हिडिओ ज्या फोनवर बघायचे, तोच फोन बापाच्या खिशात पंचायत समितीत फिरत असतो.

सगळ्याचं मूळ हप्त्यात आहे. केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार. २०२५ पासून राज्याने ५० हजार वाढवले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार सौरऊर्जेला. पाच ब्रास वाळू मोफत, पण वाहतूक आपली. शौचालय आणि मजुरी धरली तर कागदावर आकडा २ लाख १० हजारांवर जातो. पण पहिला हप्ता मिळतो १५ हजारांचा. त्यात जोता कसा होतो ते कोणत्याही मिस्त्रीला विचारा. पुढचा हप्ता जोत्याचा फोटो काढून जिओ टॅग झाल्यावर. तो फोटो पंधरा दिवस लांबला की काम पंधरा दिवस थांबतं आणि कुटुंब खोपटात पंधरा दिवस जास्त राहतं. तीन हप्ते असे लांबले की पोराचं अख्खं वर्ष खोपटात जातं. उशीर मोजायचा तर तो असाही मोजावा. ज्या घरात यंदा बोर्डाचा विद्यार्थी आहे, तिथला जिओ टॅग आधी करायला पंचायत समितीला काय अडचण आहे? यादी शाळेत तयार आहे, मुख्याध्यापकांकडून घ्यायची एवढंच.

ग्रामपंचायतीनेही हात हलवावा. सभागृह संध्याकाळी सातला कुलूपबंद असतं. तिथं दोन ट्यूब आणि चार बाकं टाकून परीक्षा संपेपर्यंत रात्री दहापर्यंत उघडं ठेवलं, तर खोपटातल्या दहा-पंधरा पोरांची सोय होते. पोरींसाठी शाळेची एक खोली, सोबत गावातली एखादी ताई. काही गावांत वाचनालयं आहेत, पण ती स्पर्धा परीक्षेवाल्यांनी भरलेली असतात.

आणि घर बांधताना लेकरालाही एकदा विचारा. योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट घर धरलंय. एवढ्यात वेगळी अभ्यासाची खोली होत नाही, मान्य. पण जुन्या मातीच्या घरात कोनाडे होते, वही-पुस्तक ठेवायला जागा होती. नवीन घरात सपाट भिंती उठतात आणि पुस्तकं पुन्हा पेटीत जातात. भिंत बांधतानाच खिडकीजवळ एक कोनाडा सोडा नाहीतर कडप्प्याची एक फळी बसवा, तिथंच बसल्या हाताला येईल असा प्लगचा बोर्ड घ्या. गिलावा झाल्यावर हेच काम करायला भिंत फोडावी लागते.

ज्यांचा स्लॅब अजून बाकी आहे त्यांनी तारीख ठरवताना परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवा. पहिल्या पेपरच्या आधी पाणी मारायचे चौदा दिवस पूर्ण बसत असतील तर लगेच टाका. बसत नसतील आणि विहिरीला पाणी टिकणार असेल तर शेवटच्या पेपरनंतर टाका. पाणी टिकणारच नसेल तर स्लॅब टाका, पण त्या चौदा दिवसांसाठी पाणी मारायला मामा, चुलता, शेजारी, कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.