‘मकाऊ बघा’ म्हणणाऱ्यांना

गोव्यातल्या कॅसिनोंचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मकाऊ बघा!’ मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जुगाराच्या बोटींना कोणी नावे ठेवली की वाद घालणारा लगेच चीनच्या त्या दक्षिण टोकाकडे बोट दाखवतो. तिथे जुगाराच्या पैशावर शाळा चालतात, लोकांच्या हाती रोख रक्कम पडते, रस्ते लखलखीत आहेत. मग आपल्यालाच एवढे सोवळे कशाला? दुसऱ्या बाजूला आपल्या समाजातली मंडळी आहेत. त्यांना मकाऊचे नाव निघताच ‘हराम’ हा एक शब्द पुरतो. त्यापुढे ना चौकशी, ना विचार. मला या दोघांशीही भांडायचे आहे. कारण ‘मकाऊ बघा’ हा सल्ला मी शब्दशः पाळला आहे. मी मकाऊ बघून आले आहे.

गेले तेही शिक्षिकेच्या पगारात. दिवाळीच्या सुट्टीत हाँगकाँगचे स्वस्तातले विमान, तिथल्या वसतिगृहात एक खाट, आणि २०१८ साली खुल्या झालेल्या समुद्रावरच्या पुलावरून बसने मकाऊ. तीन दिवस सकाळी जायचे, रात्री परतायचे. उर्दू शाळेतल्या बाईने एकटीने जुगाऱ्यांच्या शहरात कशाला जावे, असे अनेकांनी विचारले. भूगोलाच्या तासाला मुलींना जग शिकवायचे आणि स्वतः मात्र तालुक्यापलीकडे पाहायचे नाही, हे मला जमत नाही. एवढे उत्तर पुरे.

आधी जे चांगले आहे त्याला चांगले म्हणते. मकाऊच्या नाक्यावर उतरले की मोठमोठ्या हॉटेलांच्या बसगाड्या रांगेने उभ्या दिसतात. तिकीट नाही. या फुकटच्या बसने मी निम्मे शहर पालथे घातले. व्हेनेशियन नावाच्या अवाढव्य हॉटेलात छतावर आकाश रंगवले आहे, त्याखाली कालवा आहे आणि नावाडी गाणी म्हणत होड्या वल्हवतात. होडीत बसायला पैसे पडतात, बघायला पडत नाहीत. जुन्या शहरात काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा असलेला सेनादो चौक आहे. जवळच सेंट पॉलच्या चर्चची नुसती दर्शनी भिंत उभी आहे. मागचे चर्च १८३५ च्या आगीत गेले. रात्री अकरा वाजता मी एकटी बसथांब्यापर्यंत चालत गेले, कोणी वळून पाहिले नाही. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर मुलीला शिकवणीहून आणायला भाऊ पाठवावा लागतो.

आणि शाळा. २००७-०८ पासून मकाऊत बालवाडीपासून बारावीपर्यंत पंधरा वर्षांचे शिक्षण मोफत आहे. २००८ पासून सरकार दरवर्षी रहिवाशांना रोख रक्कम वाटते. कायम रहिवाशाची ही रक्कम २०१९ साली दहा हजार पटाकांवर गेली, म्हणजे आपले लाखभर रुपये. पत्र्याखाली वर्ग भरवणाऱ्या, विनाअनुदानित तुकडीवर निम्म्या पगारात राबणाऱ्या शिक्षकाला हे वाचून हेवा वाटणारच. मलाही वाटला.

‘परके शहर, आपला काय संबंध’ असे म्हणण्याचीही सोय नाही. पोर्तुगीज अमलात गोवा आणि मकाऊ एकाच सत्तेखाली होते. मकाऊच्या एका चढावर कमानींची एक लांबलचक इमारत आहे. तिच्या मेहराबी पाहून मी थबकले. गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांच्या पलटणीसाठी ती १८७४ साली बांधली. तिला आजही ‘मूरांची बराक’ म्हणतात. मूर म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडी मुसलमान. २००५ साली युनेस्कोने जुन्या मकाऊला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही बराकही आहे. पाण्याच्या मोठ्या तलावाजवळ एक लहानशी मशीद आणि कब्रस्तान आहे. आपल्याकडची माणसे दीडशे वर्षांपूर्वी तिथे चाकरीला गेली होती. बोलण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

उर्दू शिकवणाऱ्याला आणखी एक योगायोग दिसतो. १८४७ साली दिल्लीत मिर्झा ग़ालिबला घरी जुगार चालवल्याबद्दल कैद झाली. त्याच १८४७ साली मकाऊच्या पोर्तुगीज सरकारने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. हाँगकाँग इंग्रजांकडे गेल्यावर मकाऊच्या बंदराचा व्यापार बसला, तिजोरी आटली, म्हणून ही वाट धरली गेली. दिल्लीत घरात जुगार चालवणारा शायर तुरुंगात गेला, मकाऊत सरकारच त्या धंद्याचे भागीदार झाले. कर्म एकच, फरक एवढाच की हिस्सा कोणाच्या तिजोरीत जातो. ती सवय पुढे सुटली नाही. १९६२ पासून चाळीस वर्षे एकाच कंपनीचा मक्ता होता. तो संपल्यावर परदेशी कंपन्या आल्या आणि २००६ मध्ये मकाऊने जुगाराच्या उत्पन्नात लास वेगासच्या मुख्य रस्त्यालाही मागे टाकले.

मी कॅसिनोच्या आतही गेले. खेळायला नव्हे, पाहायला. खिडकी नाही, घड्याळ नाही. सिनेमात दिसतो तसा दारूचा गोंधळ नाही. पाण्याचे आणि दूध-चहाचे गाडे फिरतात. बहुतेक टेबलांवर बॅकराट नावाचा पत्त्यांचा खेळ चालतो. खेळणारा पत्ता कोपऱ्यातून दुमडत हळूहळू उघडतो. मागच्या डावांचे निकाल कागदावर टिपून ठेवतो, जणू त्या खुणांतून पुढचा डाव कळणार आहे. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा इतक्या मन लावून टिपणे काढणारे मी पाहिलेले नाही. आणि इतक्या झगमगाटात कोणी हसत नव्हते. बाहेर पडावे तर गल्लीत गहाणवटीची दुकाने ओळीने मांडलेली. काचेमागे घड्याळे, अंगठ्या, सोन्याच्या साखळ्या. वर कमळाच्या आकाराचे सोनेरी हॉटेल, खाली गहाणवटीची दुकाने. शहराचा सगळा हिशेब त्या एका चौकात वाचता येतो.

आता ‘मकाऊ बघा’ म्हणणाऱ्यांनी मकाऊचा कायदाही बघावा. एकवीस वर्षांखालच्या माणसाला कॅसिनोत प्रवेश नाही. हा नियम २०१२ पासून आहे. सरकारी नोकराला प्रवेश नाही, चिनी नववर्षाचे मोजके दिवस सोडून. कॅसिनोत काम करणाऱ्यालाही कामाची वेळ सोडून तिथे पाऊल टाकता येत नाही. हा नियम डिसेंबर २०१९ पासून आहे. आणि ज्या चीनच्या झेंड्याखाली हे शहर १९९९ पासून आहे, त्या चीनच्या मुख्य भूमीवर कॅसिनो चालवणे गुन्हा आहे. हलवाईच आपल्या पोरांना आणि नोकरांना बजावत असेल की दुकानातली मिठाई तोंडात घालू नका, तर गिऱ्हाइकाने काय समजावे? जुगाराविरुद्ध मी कोणती साक्ष काढू? जुगार चालवणाऱ्यांच्या कायद्याहून मोठी साक्ष नाही.

मग ही मिठाई खातो कोण? सात लाखांच्या आत वस्ती असलेल्या या शहरात २०२४ साली ३ कोटी ४९ लाख पाहुणे आले. दहातले सात मुख्य चीनमधले. शेतात पीक येते, मागावर कापड निघते. जुगारात काहीच पिकत नाही; एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते. मकाऊच्या वर्गातला नवा फळा म्हणजे दूरच्या कुठल्यातरी घरातली मोडलेली ठेव आहे. ते घर सरहद्दीपलीकडे असल्यामुळे त्याचे रडणे शाळेपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

शहरात राबणाऱ्यांचा वाटाही पाहावा. चादरी बदलणारे, भांडी घासणारे, म्हाताऱ्यांना सांभाळणारे हात फिलिपिन्स, व्हिएतनाम आणि इंडोनेशियाचे आहेत. मशिदीत मला इंडोनेशियाची एक बाई भेटली. नऊ वर्षे ती घरकाम करते. दरसाल वाटली जाणारी रोख रक्कम तिच्यासाठी नाही. परदेशी कामगार म्हणून कितीही वर्षे राबली तरी त्यातून कायम रहिवासी होण्याचा हक्क तिला मिळत नाही. तिने तक्रार केली नाही. मुलाच्या मदरशाच्या फीबद्दल बोलत राहिली.

आणि ही कमाई तरी भरवशाची आहे का? फेब्रुवारी २०२० मध्ये साथीमुळे कॅसिनो पंधरा दिवस बंद झाले, पाठोपाठ सरहद्दी बंद झाल्या. २०१९ मध्ये २९ हजार कोटी पटाकांवर असलेले जुगाराचे उत्पन्न २०२० मध्ये सहा हजार कोटींवर आले. एकाच पिकावर शेत लावणाऱ्या शेतकऱ्याला आपण वेडा म्हणतो. एकाच धंद्यावर शहर उभे करणाऱ्याला आदर्श का म्हणावे?

आता गोव्याकडे या. पणजीत आदिलशहाच्या जुन्या वाड्यासमोरच नदीत बोटी झगमगतात. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशाला कॅसिनोत खेळायला बंदी आहे. हलवाई इथेही तोच! मग त्या बोटी कोणासाठी? कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबईसाठी. म्हणजे आपल्यासाठी. मकाऊसाठी जी मुख्य चीनची भूमी, ती गोव्यासाठी आपण आहोत. ‘मकाऊ बघा’ म्हणणाऱ्याने आपण या गोष्टीतले रहिवासी नसून गिऱ्हाईक आहोत, हे आधी ओळखावे. महाराष्ट्रात कॅसिनोला वाट देणारा १९७६ चा कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली तो रद्द झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण शुक्रवारी रात्री गोव्याकडे निघणाऱ्या गाड्यांना त्याने काय फरक पडतो? ज्यांना बोट परवडत नाही त्यांच्या खिशात मोबाईल आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली. तोवर किती पोरांनी आईच्या बांगड्या घालवल्या, हे ज्याच्या त्याच्या मोहल्ल्याला माहीत आहे.

इथे मी आपल्या लोकांकडे वळते. नुसते ‘हराम’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी सूरह बकराची २१९ वी आयत पुन्हा अर्थासह वाचावी. तिथे दारू आणि जुगाराबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्या उत्तरात लोकांना होणारा फायदा नाकारलेला नाही. फायदा मान्य करून त्याच्याशेजारी गुनाह ठेवला आहे आणि गुनाह भारी असल्याचे सांगितले आहे. म्हणजे ताजवा हाती घेऊन मोजायला शिकवले आहे. आपण ताजवा फेकून दिला आणि फक्त निकाल पाठ केला. म्हणून ज्या पोराने जुम्म्याच्या खुतब्यात शंभर वेळा ‘हराम’ ऐकले, तोच बाहेर येऊन क्रिकेटच्या संघावर पैसे लावतो. त्याला तो ‘डोक्याचा खेळ’ वाटतो, कारण डोके कसे फसते हे त्याला कोणी दाखवलेले नाही.

हे दाखवणे अवघड नाही. दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. रुलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरे असतात. एका घरावर एक रुपया लावला आणि जिंकलात तर तुमच्या रुपयासह ३६ परत मिळतात. सगळ्या घरांवर एकेक रुपया लावा : ३७ गेले, ३६ आले. चाक फिरत राहील तितकी मालकाची वाढ आणि तुमची घट. नशिबाचा यात प्रश्नच नाही, ही साधी वजाबाकी आहे. ती उर्दू शाळेतल्या फळ्यावर, मराठी शाळेतल्या फळ्यावर आणि हिंमत असेल तर मशिदीच्या वाचनालयातही मांडली पाहिजे.

‘मकाऊ बघा’ म्हणणाऱ्यांना शेवटचे सांगणे एवढेच : मकाऊच्या शाळा दाखवायच्या असतील तर आधी मांडवीवरच्या पैशातून किती शाळांची छपरे बदलली त्याचा कागद दाखवा. आणि तो दाखवलात तरी माझा प्रश्न उरतोच. माझ्या वर्गातल्या मुलीच्या पुस्तकाचे पैसे दुसऱ्या कुठल्या मुलीच्या बापाने टेबलावर हरलेले असतील, तर ते पुस्तक तिच्या हाती मी कोणत्या तोंडाने द्यावे? शाळा करातून चालते, मेहनतीतून चालते. तेवढी ऐपत सरकारला नसेल तर आम्ही पत्र्याखाली शिकवू आणि पक्क्या छपरासाठी भांडत राहू.