मोटारीवरील जिव्हाळा उद्या टिकेल काय?

दसऱ्याच्या सकाळी देवळाच्या आवाराबाहेर मोटारींची रांग लागते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढे नारळ, चाकाखाली लिंबू. हे दृश्य पाहून हल्ली काही विद्वान हसतात. त्यांचे म्हणणे असे की, उद्याची मोटार सारथ्यावाचून चालेल, दूरध्वनीवरून बोलाविताच दारी येईल आणि काम होताच निघून जाईल. मग तिच्यावर जीव लावणार कोण? लोखंडाचा हा मोह एकदाचा सुटेल, आणि ते बरेच होईल!

यंत्राविषयीचे हे भाकीत आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरात २०२० पासून अशा सारथ्यावाचूनच्या मोटारी सर्वसामान्य उतारूंची ने-आण करीत आहेत. आमचा आक्षेप आहे तो माणसाविषयीच्या भाकितास.

जिव्हाळा केवळ मालकीतून उपजतो, हे गृहीतच मुळी चुकीचे आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण घ्यावे. त्या जातीची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून नाहीशी झाली. तेव्हा हळहळणाऱ्यांत असे कितीतरी होते, की ज्यांच्या मालकीची ती कधीच नव्हती. ते भाडे देऊन तीत बसले होते, एवढेच. भाड्याच्या वाहनावर जीव बसत नाही, हा सिद्धांत येथेच कोसळतो. पहाटे ती गाडी कोणीतरी धूत होते, तिच्यातील देवाच्या तसबिरीस फूल वाहत होते. उतारूला ती सेवा दिसत होती. १९५८ पासून २०१४ पर्यंत निघालेली अँबॅसडरही लोकांस आपली वाटली, ती आडगावचा मिस्त्रीसुद्धा खोलून दुरुस्त करू शके म्हणून. जेथे हात लागतो, तेथे जीव लागतो.

भारतातील द्रोणपर्व आठवावे. जयद्रथवधाच्या दिवशी, भर रणांगणात, भगवंतांनी रथाचे घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण उपटले, त्यांना पाणी पाजले. आणि युद्ध संपताच त्याच भगवंतांनी अर्जुनाला आधी खाली उतरविले. मग ते स्वतः उतरले, आणि तो रथ जळून भस्म झाला. त्याबद्दल त्यांनी शोक केला नाही. काम असेतो मनःपूर्वक सेवा, काम संपताच शांत निरोप. आमच्या मते खरा जिव्हाळा तो हाच.

या कसोटीस आमचे विद्वान तर उतरत नाहीतच, पण आमचे भाविकही उतरत नाहीत. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यास गाडी प्रिय नसते, शेजाऱ्याची नजर प्रिय असते. पालखीची वाट अडवून दीपमाळेपाशी मोटार उभी करणाऱ्याने तिला कितीही माळा घातल्या, तरी ती पूजा नव्हे, प्रदर्शन होय. धूर ओकणारी जुनी गाडी निव्वळ प्रेमापोटी रस्त्यावर ठेवणे, हे तर शेजारच्या मुलाच्या श्वासावर केलेले आक्रमण आहे. आणि मालकालाही उघडता येऊ नये अशी यंत्रे करणारे कारखानदार सेवेचा मार्गच बंद करीत आहेत; त्यांना ग्राहकांनी जाब विचारलाच पाहिजे.

तथापि, गाडीची फिकीर सुटली म्हणजे वैराग्य आले, असे कोणी आम्हांस सांगू नये. वैराग्य हे सेवा करून झाल्यावर येते. सेवाच न करता येते ती बेपर्वाई. जो मुलगा कोणतीच वस्तू पुसावयास, जपावयास शिकला नाही, तो उद्या देवाचा रथ तरी कशाच्या बळावर ओढील?

म्हणून वाचकहो, येत्या खंडेनवमीस माळ घालण्यापूर्वी मुलांच्या हाती ओला फडका द्या आणि चाके धुवून घ्या. उद्या सारथ्यावाचूनची मोटार आपल्या दारी आली, तर उतरताना तिची बैठक पुढच्या उतारूसाठी स्वच्छ ठेवा. एवढे साधले, तर जिव्हाळा टिकेल; न साधले, तर तो यंत्राने नेला असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही.