दोष ताऱ्याचा?

ब्रँडन सँडर्सन यांच्या त्रयीतील अखेरची कादंबरी 'कॅलॅमिटी' (२०१६) आपली मुले आवडीने वाचतात, वाचोत बापडी. मात्र अचाट सामर्थ्य लाभलेली माणसे तीत जुलमी होतात, आणि त्याचे मूळ निघते आकाशातील तांबड्या ताऱ्यात! स्वतःच्या भयाला सामोरे गेले की दुष्टपणा ओसरतो म्हणे. हे मला साफ अमान्य आहे. सत्तेने माजलेला माणूस पुष्कळदा निर्धास्त असतो, आणि म्हणूनच जुलूम करतो.

मालेगाव धुळ्याहून लांब नाही. तेथील नासिर शेख यांच्या चित्रपटातला सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावरचा काटकुळा कामगार, शफीक शेख. पडद्यावर तो तंबाखूविरुद्ध लढला. २०११ साली कर्करोगाने गेला. शाळेसमोर तंबाखूची पुडी विकण्याची बुद्धी कोणत्या ताऱ्याने दिली?