विश्लेषण : गाडी एकाची, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती… लांब पल्ल्याच्या चालकांची जबाबदारी कोणावर?

गणेशोत्सव, मे महिन्याची सुट्टी किंवा नोकरीतील बदल्यांचे दिवस आले, की ठाणे, कल्याण-डोंबिवलीत एका प्रवासापुरत्या चालकांना मागणी वाढते. गाडी मालकाची, इंधन आणि टोल मालकाचा. चालकाने ती गावी किंवा परगावी सुखरूप पोहोचवायची. मोटारींपाठोपाठ व्हॅनिटी व्हॅन आणि मोटारहोमसारख्या मोठ्या गाड्यांसाठीही असे चालक लागतात. मात्र हा व्यवहार बहुतेक वेळा फोनवर ठरतो आणि त्याचा कागद कुठेच नसतो. त्यामुळे वाटेत काही विपरीत घडले, तर भरपाई कोणाची आणि गुन्हा कोणावर, हे प्रश्न उभे राहतात.

हे काम नेमके कसे चालते?

याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात चालक कुटुंबाला गावी नेतो, तिथेच मुक्काम करतो आणि त्याच गाडीने परत आणतो. दुसऱ्यात तो गाडी पोहोचवून एकटा परततो. कोकणातून परतणाऱ्यांना एसटी किंवा दिवा-सावंतवाडी गाडी सोयीची पडते. तिसऱ्यात गाडी रिकामीच न्यायची असते. बदली झालेल्या नोकरदाराची मोटार, विकलेली जुनी गाडी किंवा चित्रीकरणासाठी परगावी बोलावलेली व्हॅनिटी व्हॅन अशी पाठवली जाते. कारखान्यातून बाहेर पडलेले ट्रक-बसचे सांगाडे चालवत नेणारे चालक हे याच कामाचे जुने रूप. मोबदल्यात दिवसाची मजुरी, जेवणाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम आणि परतीचे भाडे यांचा समावेश असतो. त्याचा ठरलेला दर नाही. सणाच्या दिवसांत तो वाढतो.

ठाणे-कल्याण पट्ट्यात मागणी का?

या शहरांत कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खान्देश आणि विदर्भातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरात मोटार आहे, पण रोजचा प्रवास लोकलने. त्यामुळे घाटात किंवा रात्री गाडी चालवण्याचा सराव नाही, अशी अनेकांची स्थिती असते. डोंबिवलीहून शिळफाटा, पनवेलमार्गे सावंतवाडी गाठायची तर सुमारे पाचशे किलोमीटर जावे लागते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे रखडलेले काम हा त्यात भर घालणारा मुद्दा. दुसरीकडे, ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्याने ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्णपणे खुला झाला. भिवंडी तालुक्यातील आमणे हे त्याचे टोक कल्याणकरांना जवळचे आहे. नागपूर एका दिवसात गाठता येऊ लागल्याने एकाच चालकावर सलग सात-आठ तासांचा प्रवास सोपवण्याचा मोहही वाढतो.

परवाना कोणता लागतो?

खासगी मोटार पगारावर चालवण्यासाठी हलक्या वाहनाचा वैध परवाना पुरेसा आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले हलके परिवहन वाहन चालवण्यासाठीही स्वतंत्र शेऱ्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगण प्रकरणात म्हटले होते. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. मोटारहोमच्या बाबतीत ही वजनाची रेषा महत्त्वाची ठरते. लहान प्रवासी व्हॅनवर बांधलेले मोटारहोम या मर्यादेत बसू शकते. मोठ्या बसच्या सांगाड्यावर उभारलेली व्हॅनिटी व्हॅन मात्र मर्यादेबाहेर जाते आणि तिच्यासाठी जड वाहनाचा परवाना लागतो. आत पलंग आणि स्वयंपाकघर असले, तरी परवान्याच्या दृष्टीने प्रश्न वजनाचा असतो. म्हणून मालकाने नोंदणी पुस्तिकेतील एकूण वजन आणि चालकाच्या परवान्यावरील वर्ग जुळवून पाहणे आवश्यक आहे. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्यास मालकालाही ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पांढऱ्या पाटीचा मुद्दा काय?

मालकाने स्वतःच्या गाडीसाठी चालक ठेवणे पूर्णपणे कायदेशीर आहे. पैसे चालकाच्या श्रमाचे असतात, गाडीच्या भाड्याचे नव्हे. अडचण येते ती पुढे. सावंतवाडीला गाडी सोडण्याआधी वाटेत चार प्रवासी घेतले आणि त्यांच्याकडून भाडे वसूल केले, तर ती विनापरवाना प्रवासी वाहतूक ठरते. विमा कंपनीही भाड्याने वापर झाल्याचे कारण पुढे करू शकते. मोटारहोमलाही हेच लागू होते. कुटुंबासाठी घेतलेली गाडी पगारी चालकाकडून चालवून घेता येते. पण ती पर्यटकांना भाड्याने द्यायची असेल, तर परिवहन वाहन म्हणून नोंदणी आणि परवाना लागतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, ते अशा व्यवसायाला चौकट मिळावी म्हणूनच.

अपघात झाल्यास विमा कोणाला?

रस्त्यावरील अन्य व्यक्ती जखमी किंवा मृत झाल्यास मालकाच्या तृतीय पक्ष विम्यातून भरपाई मिळते. चालकाचा परवाना वैध नसेल, तर कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. खरी पोकळी असते ती चालकाच्या बाबतीत. मोटारीच्या विम्यातील १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण परवानाधारक नोंदणीकृत मालकासाठी असते. पगारी चालकाला ते मिळत नाही. त्याच्यासाठी ‘पगारी चालकाप्रति कायदेशीर दायित्व’ हे जादा कलम घ्यावे लागते. त्याचा हप्ता वर्षाला साधारण ५० रुपये आहे. इतक्या किरकोळ रकमेचे हे कलम आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे अनेक मालकांना ठाऊक नसते.

ते नसेल, तर भार थेट मालकावर येऊ शकतो. १९२३ च्या भरपाई कायद्यातील सूत्रानुसार, मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आणि वय ३० धरल्यास ही रक्कम १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. हे सूत्र सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मात्र एका फेरीपुरता, मध्यस्थामार्फत आलेला चालक नेमका कोणाचा कर्मचारी होता, हे सिद्ध करण्याची वेळ त्याच्या कुटुंबावर येते. ठरलेल्या मजुरीचा संदेशही नसेल, तर दावा तिथेच अडकू शकतो.

चालकाच्या विश्रांतीचे काय?

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. लांब पल्ल्यासाठी ही मर्यादा दहा तासांपर्यंत नेता येत असे. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन संस्थांसाठी होता. घरगुती गाडीवर एका फेरीसाठी आलेला चालक या चौकटीत बसत नव्हता. त्यामुळे दिवसभर शहरात काम करून तोच चालक रात्री कोकणाकडे निघाला, तर त्याला रोखणारे कोणी नाही. गुन्हा मात्र प्रथम त्याच्यावरच नोंदवला जातो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांची तरतूद असलेले उपकलम जानेवारी २०२४ मधील चालकांच्या आंदोलनानंतर लागू करण्यात आलेले नाही.

परदेशात काय पद्धत आहे?

अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसर मोटारहोम निर्मितीचे केंद्र आहे. तेथून विक्रेत्यांपर्यंत गाड्या नेणाऱ्या चालकांना वाहतूक कंपन्या मैलावर पैसे देतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एका शहरात साचलेली भाड्याची मोटारहोम दुसऱ्या शहरात हवी असल्यास ती नाममात्र भाड्यात प्रवाशांकडेच सोपवली जाते. दोन्हीकडे लेखी करार, विमा आणि पोहोचण्याची मुदत आधी ठरते.

मालक आणि चालकाने काय पाहावे?

कोकण रेल्वेने २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा मोटारींसाठी रो-रो सेवा जाहीर केली होती. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये होते आणि सोबत तिघांनाच प्रवासाची मुभा होती. शिवाय कल्याण-डोंबिवलीकरांना कोलाडपर्यंत गाडी न्यावीच लागणार होती. त्यामुळे चालकाची गरज अशा सेवेने लगेच संपणारी नाही. परवाना आणि विम्याची पडताळणी, पगारी चालकाचे जादा कलम, मजुरी, मुक्काम आणि परतीचे भाडे नमूद केलेला साधा मोबाइल संदेश, गाडीच्या आधीच्या ओरखड्यांची छायाचित्रे आणि निघण्यापूर्वी चालकाची पुरेशी झोप, एवढे पाळले तरी बहुतेक वाद टळू शकतात. वेगमर्यादेचे ई-चलन मालकाच्या नावावर येते. ते कोणी भरायचे, हेही आधी ठरवावे. ‘लवकर पोहोचव’ असा तगादा लावणाऱ्या मालकाला नंतर ते चलन चालकाच्या माथी मारता येऊ नये, यासाठीही हा संदेश उपयोगी पडतो.